शनिवारची सवलत

नगरपालिकेच्या शाळेत मी सातवीला गणित शिकवायचे, आणि शनिवारी शाळा सुटली की त्याच वर्गात संस्कारवर्ग घ्यायचे. दोन्ही कामांत माझा हात धरणारं पनवेलमध्ये कोणी नाही अशी माझी खात्री होती. तोंड फटकळ होतं, आवाज मोठा होता, आणि मुलांचं भलं कशात आहे हे मला त्यांच्या आईबापांपेक्षा जास्त कळतं असं मी धरूनच चालायचे.

शनिवारची शाळा सकाळची. अकराला सुटायची. साडेअकराला आमचा वर्ग. श्लोक, आरत्या, गोष्टी आणि शेवटी मूठभर चणे नि गुळाचा खडा. सरकारी इमारतीत हे कसं चालतं, असं कोणी विचारलं नाही. हेडमास्तर स्वतः किल्ली आणून द्यायचे. जवळच्या विचुंबे गावाहून सायकलवर येणाऱ्या एका मुलाच्या आईला मी वाटेत गाठून विचारलं होतं, मुलाला पाठवाल ना? ती म्हणाली, "आमी काय बोलनार बाई? तुमी सांगाल तसा. पोरगा घरान बसून तरी काय करल?" ही मला परवानगी वाटली. कोणाची परवानगी लागते, हाच मुळी प्रश्न मला पडत नव्हता.

सातवीत एक मुलगी होती, बेने इस्रायल, म्हणजे इथल्याच मराठी ज्यू घरातली. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. त्या लोकांची गावात पूर्वी बरीच घरं होती, आता इनमीन चार-पाच उरली होती. बाकीची इस्रायलला निघून गेली होती. राहिलेली माणसं अगदी आपल्यासारखी. आडनाव गावावरून, घरात मराठी, आईच्या हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. फरक एवढाच की शनिवारी, त्यांच्या शब्बाथला, ती काम करत नसत. जुनी माणसं सांगायची, यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपायचे नाहीत.

या मुलीला शाळेनं सवलत दिली होती. शनिवारी तिची गैरहजेरी धरायची नाही, आणि परीक्षेचा पेपर शनिवारी आला तर तो सोमवारी ऑफिसात बसवून घ्यायचा. दर जूनमध्ये तिचे वडील अर्ज घेऊन यायचे. तळोज्याच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. अंगाला तिथल्या रसायनाचा वास असायचा, त्यामुळे जरा लांबच उभं राहून बोलायचे. मी वर्गशिक्षिका म्हणून अर्जावर सही करताना त्यांना डिवचलं होतं, "तुम्ही स्वतः जाता ना शनिवारी कामाला?"

ते हसले. म्हणाले, "माझा शनिवार कारखान्यानं खाल्ला, बाई. हिचा तरी राहू दे."

मी सही केली, पण मनातून मला ते पटलं नव्हतं. शनिवारी गणिताचे दोन तास असायचे. पोरगी हुशार, आणि नेमके तेच तास बुडवणार! आणि दुसरंही होतं, ते आता सांगूनच टाकते. मला वाटायचं, ही आपलीच तर माणसं. भाषा आपली, जेवण आपलं. एक शनिवार तेवढा मध्ये आडवा आलाय, तोही हळूहळू जाईल. कोणीतरी हात धरायला हवा.

ती संस्कारवर्गाला आली ती आपणहून आली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत राहिले. त्यात खोटं काही नाही. एका शनिवारी आरती चालू असताना ती खिडकीबाहेर उभी होती. घरात काही करायचं नाही, मैत्रिणी सगळ्या माझ्या वर्गात, बिचारी कंटाळून इकडे आली असणार. ओठ हलत होते. मी म्हटलं, "बाहेर काय उभी राहतेस भुतासारखी? आत ये."

"बाई, मला आज लिहायचं नसतं."

"लिहायला कोण सांगतंय? बस नि ऐक."

ती बसली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली. आवाज इतका गोड की मी तिला पुढे बसवलं. तिसऱ्या खेपेला विचारलं, घरी सांगून आलीस का? ती म्हणाली, मैत्रिणीकडे जाते असं सांगितलंय. मी चण्यांची पिशवी सोडायला घेतली. मग म्हणाले, "बरं. घरी उगाच बोलत बसू नकोस. चांगलंच शिकतेयस ना?"

तिनं मान हलवली. बारा वर्षांच्या मुलीला बाईंनी सांगितलं, मग ते बरोबरच असणार.

आरती झाली की मी सगळ्यांना कुंकू लावायचे. तिलाही लावायचे. घरी जाताना ती अंगणातल्या नळावर कपाळ घासून धुवायची. मला ते वर्गातून दिसायचं. एकदा मी हाक मारून म्हटलंसुद्धा, "अगं राहू दे, शोभतं तुला!" ती ओल्या तोंडानं हसली आणि पुन्हा घासायला लागली. तेव्हा तरी कळायला हवं होतं की ही पोर दोन घरांच्या मध्ये अडकली आहे. मला मात्र वाटलं, आज धुते, उद्या धुणार नाही.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या फाटकाशी एक नवरा-बायको येऊन उभे राहिले. हातात रंगीत चित्रांची छोटी छोटी पुस्तकं, सोबत गोळ्या. त्यांच्या देवाच्या गोष्टी. मुलांची ही झुंबड उडाली. मी पदर खोचून फाटकात गेले आणि त्या दोघांना जे सोलून काढलं की विचारू नका. "लेकरांना गोळ्या देऊन देव विकता? यांच्या आईबापांना विचारलंत?" ती बाई शांतपणे म्हणाली, "ताई, आम्ही फक्त चांगलं सांगतो." मी म्हटलं, "चांगलं सांगायचं तर घरी जाऊन मोठ्यांना सांगा, पोरांना कशाला गाठता?" मग वर्गावर्गांतून दप्तरं तपासून पुस्तकं गोळा केली. गावात माझं कौतुक झालं. आणि दुसऱ्याच शनिवारी मी चण्यांची पिशवी घेऊन वर्गात उभी होते. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मला सुचलंच नाही. नाकानं कांदे सोलणाऱ्याला कांद्याचा वास येऊ नये, तशातली गत.

घात केला तो माझ्या शिस्तीनं. शिक्षकाचा हात हजेरी घेतल्याशिवाय राहत नाही. संस्कारवर्गाचीसुद्धा मी वेगळी हजेरी ठेवायचे, लाल शाईनं रेघा आखून, नावांसकट. कोणी सांगितलं नव्हतं. वर्षअखेरीला हजेरीचं बक्षीस द्यायचं होतं, आणि पहिल्या तिघांत तिचं नाव होतं.

फेब्रुवारीत शाळेची तपासणी आली. शिक्षण विभागाचे साहेब टेबलावर वह्यांचा ढीग घालून बसले. हेडमास्तरांनी कौतुकानं माझी वहीसुद्धा पुढे सरकवली, आमच्या बाई शाळा सुटल्यावरही राबतात म्हणून. साहेब खूश झाले. "वा, वा, संस्कार हवेतच," म्हणाले. पान उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. त्यांनी शाळेची हजेरी शेजारी ओढली. सकाळी धार्मिक कारणासाठी सवलत. दुपारी हजर. सकाळी सवलत, दुपारी हजर. असे सोळा शनिवार.

"ही मुलगी शनिवारी शाळेला येत नाही ना? मग इथे कशी येते?" साहेब म्हणाले. "आरती म्हणायला चालतं, गणित करायला चालत नाही? हा कसला धर्म? बंद करा सवलत."

शाळेच्या इमारतीत आरती कशी चालते, हे त्यांनी विचारलं नाही. हेडमास्तरांनी विचारलं नाही. मीही मूग गिळून उभी राहिले.

वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागलं. गणित शनिवारी. म्हणजे पेपर दिला नाही तर शून्य, आणि शून्य म्हणजे वर्ष गेलं. हेडमास्तरांनी तिच्या वडिलांना बोलावलं. ते कारखान्यातून थेट आले, मुलगीही आली. हेडमास्तरांनी वही उघडून दाखवली. वडिलांना आधी काही समजेना. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तू येत होतीस इथे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती सोपं होतं! मी म्हणायचं होतं, मीच बोलावलं, मीच घरी सांगू नको म्हटलं, पोरीची चूक नाही, सवलत काढू नका. चार वाक्यं. पण बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की बाई, तुम्हाला हा अधिकार दिला कोणी? नोकरीचं काय होईल, गावात तोंड कसं दाखवू, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. मुलीचा विचार सगळ्यांत शेवटी आला.

वडील माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही त्या पुस्तकवाल्यांना हाकललंत तेव्हा मी घरी म्हटलं होतं, त्या बाई आहेत तोवर काळजी नाही. तुम्हीच सांगा. ही घरी विचारून येते असं तुम्हाला वाटलं होतं ना?"

आणि मी म्हणाले, "हो. मला वाटलं, विचारूनच येत असेल."

मुलीनं मान खाली घातली. ती रडली असती तर बरं झालं असतं. वडिलांनी हेडमास्तरांना हात जोडले, एवढं एक वर्ष सोमवारी घ्या म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, वरून हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही. वडील हात जोडलेलेच ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग जाताना मलाही नमस्कार करून गेले.

पेपरच्या शनिवारी ते तिला स्वतः घेऊन आले. रजा काढली असावी. फाटकाशी ते तिच्यापुढे वाकले आणि काहीतरी बोलले. मी पायरीवर होते, एवढंच ऐकू आलं, "मी सांगतोय ना, लिही. पाप तुझ्यावर नाही, माझ्यावर." मग वळून वळून बघत निघून गेले. आई आली नव्हती. आई पुढे कधीच शाळेत आली नाही, निकालालासुद्धा नाही.

माझंच सुपरविजन होतं. पेपर वाटले. सगळी पोरं खाली माना घालून लिहायला लागली. ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. पेन बाकावर पडलेलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी तिच्या बाकाजवळून दोनदा गेले. तिसऱ्यांदा जायची माझी हिंमत झाली नाही. मनात म्हणत होते, लिही गं बाई, लिही. आणि त्याच वेळी वाटत होतं, हिनं लिहू नये, उठून जावं, माझ्या तोंडावर पेपर फेकावा. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

मग तिनं पेन उचललं. एकदा उचलल्यावर झरझर लिहीत गेली. पुरवणीही मागितली. सवयीनं सगळ्या आकृत्या पट्टी लावून काढल्या. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिचा पेपर पूर्ण होता.

मुलं कालवा करत बाहेर पडली. ती मागे राहिली. मी पेपरांचा गठ्ठा बांधत होते, तिथे टेबलाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता विचारेल, बाई, तुम्ही खोटं का बोललात? उत्तर म्हणून मी वाट्टेल ते सांगायला तयार होते. माफीसुद्धा मागितली असती, खरंच मागितली असती.

तिनं ते विचारलं नाही. उजवा हात पालथा करून बघितला, मग उताणा करून बघितला. म्हणाली, "बाई, आई म्हणायची, शब्बाथला लिहायला घेतलं तर हातच उठणार नाही."

मी गठ्ठ्याला सुतळी गुंडाळत राहिले.

"उठला," ती म्हणाली. "काहीच झालं नाही. मग तुमच्या आरतीचं पण तसंच असतं का, बाई?"

फाटकाबाहेर तिचे वडील येऊन थांबलेले मला दिसत होते. मी गठ्ठ्याची सुतळी आवळली आणि म्हणाले, "जा आता. बाबा वाट बघतायत."