चित्र टाक, आवाज ठेव

माझ्या थोरल्या बहिणीला तेच काम दुसऱ्यांदा हाताने करायला सांगितलं की तिच्या कपाळावर आठ्या पडतात. ती एका छापखान्यात संगणकावर पुस्तकांची पानं लावायची. ढीगभर फाइलींची नावं बदलायची वेळ आली की बाकीचे चहा मागवून कामाला बसायचे. ताई संगणकाला हुकूम देणारी चार-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहून स्वतःच चहाला निघून जायची. "मशीनला कंटाळा येत नाही, मग मी का कंटाळू?" असं तिचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर तिने घरातही तेच चालवलं. फोनमधले फोटो आपोआप तारखेप्रमाणे लागायचे. विजेचं बिल भरायची आठवण आपोआप सगळ्या नातेवाइकांना जायची, मलासुद्धा, मी बिल भरून मोकळी झालेली असले तरी.

भाऊजी तिच्या अगदी उलटे. ते गाडी चालवायला शिकवायचे. तेच वळण, तोच चढ, तीच चूक, फक्त दर वेळी माणूस नवा. त्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही, आवाजाची पट्टी मात्र चढायची. "क्लच सोड! हळू! अरे, हळू म्हणजे हळू, उडी नाही मारायची आपल्याला!" एका विद्यार्थ्याने गाडीत कॅमेरा बसवून त्यांचे धडे इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. लोक शिकायला कमी आणि मास्तरांची बोलणी ऐकायला जास्त यायचे. भाऊजींना त्याचा अभिमान होता. "घरात माझं कोण ऐकतं? तिकडे जग ऐकतंय," असं ते ताईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे.

मग एका सकाळी दाढी करताना मास्तरांच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आले तोवर पाय थोडाफार साथ द्यायला लागला होता, पण तोंडातून नुसतं "अं… अं…" यायचं. समजत सगळं होतं, आणि तेच वाईट होतं. पाणी हवं असलं की डोळे तांब्याकडे जायचे, ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि शब्द काही निघायचा नाही. ताईला ते बघवायचं नाही. "पाणी? पंखा? उशी?" ती विचारत सुटायची आणि भाऊजी डोळे मिटून घ्यायचे.

बोलणं शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, की सुरुवातीचे काही महिने मोलाचे. जे परत यायचं ते बहुतेक तेव्हाच येतं. "त्यांच्याशी बोला, ओळखीचे शब्द कानावर पडू द्या, आणि त्यांना उत्तराला वेळ द्या." शेवटचं सोडून बाकी सगळं ताईने मनावर घेतलं. महिने मोजकेच आहेत म्हटल्यावर तिला वेळ द्यायला वेळ कुठला!

"ह्यांना सगळ्यात ओळखीचे शब्द कुठले? ह्यांचेच ना?" ती मला म्हणाली.

आधी तिने व्हिडिओच लावून पाहिला. पडद्यावरच्या भाऊजींनी उजव्या हाताने झोकात स्टिअरिंग फिरवलं आणि खाटेवरचे भाऊजी ढसाढसा रडायला लागले. ताईने घाबरून लॅपटॉप मिटला. पण हार मानेल तर ती ताई कसली. "चित्र नको," ती म्हणाली, "आवाज पुरे."

स्क्रिप्ट लिहिली त्या दिवशी मी तिथेच होते, कपड्यांच्या घड्या घालत. ती टाइप करता करता मला समजावत होती, जणू उद्या मलाच लिहायची आहे. "हे बघ, ह्यांच्या व्हिडिओंच्या यादीतला पहिला पत्ता घे. व्हिडिओ उतरव. चित्र टाक, आवाज ठेव. पुढच्या पत्त्याकडे जा. संपलं!" संपलं कसलं. काही धडे उतरले आणि गाडी अडली. व्हिडिओचं नाव होतं 'उजवीकडे/डावीकडे वळताना', आणि मधल्या तिरक्या रेघेला संगणक दुसरा फोल्डर समजत होता. ताईने आणखी एक ओळ घालून सगळ्या तिरक्या रेघांच्या जागी आडव्या रेघा केल्या, आणि मग एकेक फाइल पटापट येऊन पडायला लागली. कित्येक दिवसांनी ती हसली. "बघ, आला की नाही आवाज!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. भाऊजी आता बोलतीलच, असं मलाही वाटून गेलं.

उशाशी एक छोटा स्पीकर आला. सकाळचा चहा झाला की मास्तर सुरू. "आरशात बघ! आरसा भांग पाडायला दिलाय का?" एक फाइल संपली की दुसरी, आपोआप. जेवण येईपर्यंत, आणि जेवणानंतर पुन्हा. भाऊजी छताकडे बघत पडून राहायचे. मधूनच डावा हात पांघरुणावर मुठीत वळायचा. ताईला वाटायचं, हात हलतोय, म्हणजे गुण येतोय.

मला ते असह्य व्हायला लागलं. जो माणूस पाणी मागू शकत नाही, त्याच्या कानाशी त्याचाच खणखणीत आवाज दिवसभर लोकांना झापतोय! एक दिवस मी स्वयंपाकघरात तिला गाठलं.

"ताई, त्यांना हे आवडतंय का, विचार तरी."

"कसं विचारू? बोलतायत का ते?"

"मान हलवतात ना."

"मानेवर काम भागायला लागलं तर बोलतील कधी?" ती ताडकन म्हणाली. मग हातातली कढई तशीच ठेवून हळूच म्हणाली, "महिने निघून चाललेत गं. माझ्या जिवाला घोर लागलाय."

मी कढई उचलून शेगडीवर ठेवली.

पुढच्या आठवड्यात ते घडलं. दुपारची वेळ. मी भाऊजींच्या पायाला तेल लावत होते, ताई दारात भांडी पुसत उभी. स्पीकरवर मास्तर एका विद्यार्थ्यावर ओरडत होते, "बोल की! तोंडाला कुलूप घातलंय का? कुठला गिअर टाकलास, बोल!" भाऊजींचा पाय माझ्या हातात ताठ झाला. चेहरा लालबुंद. जबडा थरथरत होता. आणि घसा फाटावा तसा आवाज आला:

"बंद… बंद कर!"

ताईच्या हातातलं ताट खाली पडलं. "बोलले! अगं, बोलले!" ती धावत आली, हसत होती, रडत होती. "काय म्हणालात? परत म्हणा ना! अहो, परत एकदा!" भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. ताईने स्पीकरकडे हात नेला. मला वाटलं, बंद करतेय. तिने तोच धडा पहिल्यापासून लावला. परत म्हणावं म्हणून.

भाऊजींच्या डोळ्यांत जे आलं ते मला सांगता येत नाही. मी उठून स्पीकरची वायर खेचली.

"काय करतेस? बोलत होते ते!" ताई माझ्यावर किंचाळली.

"काय बोलले ते ऐकलंस का?"

ती खाटेच्या कडेला बसली आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून "चुकलं हो, चुकलं माझं" म्हणत राहिली. भाऊजी डाव्या हाताने तिची पाठ थोपटत होते आणि म्हणत होते, "बंद कर. बंद कर."

तेव्हापासून त्यांच्याकडे तेवढेच शब्द आहेत. बाई म्हणाल्या, असं होतं. एखादा शब्द अडकून बसतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो, पुढे काय होईल सांगता येत नाही. भूक लागली, "बंद कर." शेजारी भेटायला आले, हसून, "बंद कर." ताई दिवसभर ते ऐकते. त्यावर तिच्याकडे कुठली स्क्रिप्ट नाही. आता ती समोर बसते आणि कशाबद्दल म्हणतायत ते कळेपर्यंत थांबते. काही वेळा कळतच नाही.

काल तिचा फोन आला. संध्याकाळी दोघं खिडकीशी बसले होते. भाऊजींनी तिचा हात हातात घेतला, बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बंद कर."

"मग गं?" मी विचारलं.

"काय बंद करू? सगळं बंदच होतं," ताई म्हणाली आणि तिला हुंदका आला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या प्रेमाने माझ्याशी कधी बोलले नव्हते गं."