चार कडक बुश

गाडी माझी, माझ्या पगाराची, तेव्हा तिच्याबाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायचं नाही, असा माझा माज होता. जुनी पेट्रोल गाडी, सोळाशे सीसीचं इंजिन, तिच्या काळात घाटात भल्याभल्यांना मागे टाकणारी. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत मी मेंटेनन्सला आहे. पाना कसा धरायचा हे मला शिकवलं ते आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. आता कार्ल्याच्या घरात आम्ही दोघेच असतो.

आमच्याकडे बाप-लेक एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, पद्धतच तशी. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचो आणि आबा आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, जेवून घे." मीही आईलाच सांगायचो, "म्हणावं, भूक नाही." ती वैतागायची, "मी काय पोस्टमन हाय का रं तुमची?" तीन वर्षांपूर्वी ती गेली. आबांची सवय मात्र सुटली नाही. भिंतीकडे बघून म्हणायचे, "म्हणावं, नळाला पाणी आलंय." मी त्या भिंतीलाच "बरं" म्हणायचो.

फक्त गाडीत तसं नव्हतं. दर रविवारी मी आबांना घेऊन नवलाख उंबऱ्याला आत्याकडे जायचो. आत्या त्यांची थोरली बहीण, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारी. दोघांची नजर समोर रस्त्यावर, एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही, म्हणून की काय, आबा गाडीत बोलायला लागले. थेट माझ्याशी! कामशेत मागे पडलं की सुरू व्हायचे. "तुझ्या आईला मी कदी शिणिमाला न्हाई नेलं." एकदा वडगावच्या अलीकडे म्हणाले, "तुझी बायकू सोडून गेली, त्यात माझी बी चूक हुती. मी तवा बोलाया पायजे हुतं." मी गिअर बदलला आणि म्हणालो, "असू द्या आबा." आयुष्यात बापाशी झालेलं माझं सगळ्यात मोठं बोलणं ते.

आणि ते मी माझ्या हातानं बंद पाडलं.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेलं नसतं. मधे जाड रबराचे बुश असतात. इंजिनाची थरथर ते स्वतःत जिरवतात, आत बसलेल्या माणसापर्यंत पोचू देत नाहीत. माझ्या गाडीचे बुश वयानं चिरले होते. अ‍ॅक्सिलेटर दाबला की इंजिन मागे रेलायचं, गिअर अडकायचा. जुन्या हायवेवर रविवारी सकाळी मिसळ खायला जमणारं आमचं गाडीवेड्यांचं एक टोळकं होतं. त्यातला एक मला म्हणाला, "रबर म्हातारी माणसं टाकतात. पॉलियुरेथेनचे टाक, रबरापेक्षा कडक असतात. इंजिन जागचं हलणार नाही." झालं. मला तेवढंच पुरलं.

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात काम काढलं. तेलाच्या टाकीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिन जॅकवर पेललं, बुश ज्यात बसतो ते एकेक माउंट खाली उतरवायला लागलो. जुनं रबर ड्रिलनं पोखरून काढलं, नळीच्या आत चिकटलेलं खरवडलं, सिलिकॉन ग्रीस लावून नवा पिवळाजर्द बुश व्हाइसच्या जबड्यात दाबून बसवला. आबा खुर्ची टाकून बघत होते. तो पहिला बुश झाल्यावर अंगणातल्या मांजराकडे बघून म्हणाले, "म्हणावं, खालचा एकच बसव. आठ दिस चालवून बघ, मंग बाकीचं. यंत्राला बी वाईच हलाया लागतं."

रेल्वेत हयात घालवलेला फिटर सांगत होता. एका वेळी एकच बदल, तो अंगवळणी पडू दे, मग दुसरा, हीच त्यांची कामाची रीत. आणि मी? "मांजराला सांगा," म्हणालो आणि चारही बसवले. काय अवदसा आठवली होती देव जाणे.

गाडी मात्र सुटली हो! गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडायला लागला, वळणावर इंजिन हूं की चूं करेना. पण सिग्नलला उभी राहिली की आरसा थरथरायचा, दाराच्या कप्प्यातली नाणी वाजायची, सीट अंगाखाली गुरगुरायची. मला त्याचंही कौतुक! मर्दानी गाडी आहे, असं सगळ्यांना सांगत फिरायचो.

आबा दोन रविवार आले. दोन्ही वेळा अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी भिंतीला म्हणाले, "म्हणावं, मला कटाळा आलाय. तू जा." चौथ्यालाही तेच. माझं डोकं फिरलं. बहीण तिकडे वाट बघतेय आणि ह्यांना कंटाळा!

एके दिवशी मी कामावर असताना ते आत्याकडे जायला मळवलीहून लोकलनं एकटेच निघाले. तळेगाव आलेलं कळलं नाही, थेट पुढच्या घोरावाडी स्टेशनला उतरले. फलाटावर तासभर बसून राहिले आणि उलट्या गाडीनं घरी आले. हे मला शेजारणीनं सांगितलं. मी विचारलं, तर आबा चुलीतली राख काढत बसले.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी आत्याकडे एकटाच गेलो, तेव्हा तिनं मला खाली बसवलं. "तुझ्या बापाच्या कानात मशीन हाय, ठावं हाय ना? तुझ्या गाडीची घरघर त्यात लय मोठी ऐकू येती. डोकं फुटतं त्याचं. मला फोनवर म्हनला, पोराशी बोलता येत न्हाई, मंग त्याच्या शेजारी बसून काय करू? आन तुला सांगू नगं म्हनला. हौसेनं केलंय त्यानं, म्हनं." मग माझा हात धरून म्हणाली, "त्याला घिऊन ये रं बाबा. माझं काय, पिकलं पान."

आता शहाण्या माणसानं त्याच संध्याकाळी जॅक लावला असता. मला राग आला. बहिणीला फोन करून सांगता येतं आणि एका छपराखाली राहणाऱ्या पोराला सांगता येत नाही? मी ठरवलं, आबा स्वतःच्या तोंडानं, माझ्याकडे बघून 'बुश काढ' म्हणतील, त्या दिवशी काढीन. भिंतीला सांगितलेलं चालणार नाही. शिवाय मूळचे रबरी बुश आता मिळतच नाहीत, असंही मी मनाशी घोकत होतो. कुणाला विचारलं होतं? एकालाही नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असलं आमचं रक्त. त्यांचंही आणि माझंही.

दुसऱ्याची गाडी सांगतो म्हटलं तर आबा तयार होईनात. पोराची गाडी दारात असताना भाड्याची केली तर गाव काय म्हणेल, हा त्यांचा हिशोब. असे चार महिने गेले.

वैशाखात, भर दुपारी फोन आला. आत्या गेली.

त्या दिवशी आबा माझ्या गाडीत बसले. बसताबसता कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. वडगावच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा समोरचा डॅशबोर्ड धडधडत होता. आबांनी त्यावर पंजा दाबून धरला आणि नवलाख उंबरे येईपर्यंत काढला नाही. मी एकदा "आबा" म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही.

घरी आल्यावर रबरी बुशांसाठी पुण्याला एक फोन केला. एकच. दोन दिवसांत चारही नग घरपोच आले. पार्सल फोडताना मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! पिवळे बुश काढून रबरी बसवले. आबा खुर्ची टाकून बसले होते, पण ह्या खेपेला मांजरालाही काही बोलले नाहीत.

दहाव्याला निघालो. त्यांनी मशीन खिशात ठेवायला काढलं, मग थांबले, पुन्हा कानात बसवलं. गाडी कशी गप चालली होती! आरसा स्थिर, नाण्यांचा आवाज नाही. कामशेत गेलं. मी वाट बघत होतो. वडगाव गेलं. दहाव्याचं सगळं आटोपून परत फिरलो, तरी ते गप्पच. मीच तोंड उघडलं, "आबा, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं." आणि हे म्हणतानाच मला कळलं की त्यांनी सांगितलं होतं. अंगणात, पहिल्याच दिवशी.

आबा काचेबाहेर भाताची मोकळी खाचरं बघत होते. कार्ल्याचा फाटा आला तेव्हा काचेलाच म्हणाले, "म्हणावं, गाडी झ्याक झाली. पण आता रविवारी जायाचं कुणाकडं?"