चिंचेपासनं डावीकडं

पहिलंच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून भांडण नको. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो. वितळलेल्या लोखंडापुढं रोज उभं राहणाऱ्या माणसाला हडळ काय घाबरवणार? आणि आमच्या पेठेत चुकून एखादं भूत आलंच, तर पोरं आधी त्याला चहा पाजतील, मग तालमीत नेऊन बैठका मारायला लावतील. सकाळी ते भूतच उतारा काढून घ्यायला मांत्रिकाकडं जाईल! तरीपण खाली लिहितोय ते घडलंय. भर दुपारी घडलंय. साक्षीदार आहे. पुरावासुद्धा होता... पण तो खाऊन झाला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी आमच्याकडं पत्ता कसा सांगतात ते सांगायला पाहिजे. कोल्हापुरात "मला माहीत नाही" म्हणणं म्हणजे घराण्याला बट्टा. माहीत नसलं तरी सांगायचं, आणि दणकून सांगायचं. "पावणं कुठलं? कुणाकडं जायचंय? त्येंची तब्येत कशी हाय आता?" एवढं झाल्यावर पत्ता. किती लांब विचारलं तर "ह्ये काय, हितंच की!" त्या 'हितंच'मध्ये कधी कधी कर्नाटक लागतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे, आम्ही पत्ता सांगतो तो नसलेल्या वस्तूंवरून. आमच्या गल्लीत अजून "हौदापासनं वळा" असं सांगतात. हौद माझ्या जन्माआधी बुजवलाय. तरी मीसुद्धा हौदापासनंच वळतो. एक पुण्याचा पावणा तो हौद अजून शोधतोय म्हणतात.

असो. गोष्ट नव्वदच्या दशकातली, माझं लग्न ठरायचं होतं तेव्हाची.

मुलगी मी आधीच बघितली होती. नृसिंहवाडीला. घाट अगदी समोर असताना मी तिलाच घाट कुठं आहे म्हणून विचारलं. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं नि म्हणाली, "नाकाम्होरं जावा. पाय भिजलं की थांबा." तिथंच आपला निकाल लागला. नाव काढलं — शालन. गाव गडमुडशिंगीच्या पलीकडं आत एक वाडी. (वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या जत्रेला तुम्ही सगळे मटण खायला याल.)

वडील म्हणजे तात्या, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. मी मध्यस्थ धाडला. तात्यांचा निरोप आला — "माघातल्या जत्रंला जेवायला येऊ दे. आणायला कोण येणार न्हाय. पैली पंगत बसायच्या आत घरात पायजे. ज्याला माझं घर घावंना, त्यो माझ्या पोरीला कुठं घालवंल काय नेम? दुसऱ्या पंगतीला सांगलीचा ब्यांकेतला मुलगा यायचाय."

म्हणजे बघा, पंगत चुकली की शालन सांगलीला!

माझा दोस्त सलीम लेथवर काम करायचा, त्याला मागं बसवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मोटरसायकल काढली. फाट्यावरनं आत शिरलो आणि संपलं. दोन्ही बाजूला ऊस, मध्ये गाडीवाट. दर थोड्या अंतरावर फाटा, आणि सगळे फाटे जुळ्या भावांसारखे. हलगीचा आवाज येत होता, पण चारी दिशांनी!

डोक्यावर पाटी घेतलेल्या एका बाईला विचारलं. तिनं हनुवटीनं उजवीकडं दाखवलं. सायकलवाल्यानं डावीकडं दाखवलं, वर आधीच्या बाईला हसला. तिसरा तर गडी लई भला. "दावतो की!" म्हणून सलीमच्या मागं चढूनच बसला. ट्रिपल सीट आम्ही निघालो. एका विहिरीच्या कडेला त्यानं थांबवलं आणि उतरला.

"आलं गाव?" मी.

"न्हाय, ह्ये माझं रान. तुमचं गाव मगाशीच मागं ऱ्हायलं. पर गप्पांत कसं आडवायचं म्हनलं तुमास्नी."

सलीम म्हणाला, "भावा, सांगलीवाला जिंकला. चल, माघारी जाऊन मिसळ खाऊ."

माझ्या डोळ्यांपुढं शालन नवीकोरी सूटकेस घेऊन सांगलीच्या गाडीत चढताना दिसायला लागली. उलटं वळलो. पुढच्या तिकटीवर, तीन वाटा फुटतात तिथं, दगडावर एक म्हातारा बसला होता. डोक्याला लाल पटका, मिशा अशा की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत. आम्हाला बघूनच हसायला लागला.

"कुणाकडं?"

"तात्या ड्रायव्हरांकडं."

"डायवर म्हंजे?"

आता ड्रायव्हर म्हणजे काय हे काय सांगायचं? सलीमनं हातानं स्टेअरिंग फिरवून दाखवलं. म्हातारा बुचकळ्यात. मग मी तात्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं, मध्यस्थाकडनं पाठ केलं होतं.

"आबाच्या घरात व्हय! मग तसं सांग की. पोरगी बघाय चाललायस?"

"कसं वळखलं?"

"शर्टाला घडी हाय आनि तोंडाला घाम हाय." मग हात लांब केला. "ऐक. चिंचेपासनं डावीकडं वळ. म्होरं मोट चालू दिसंल, थांबून पानी पी, तसाच जाऊ नगंस. मग पांढरा घोडा बांधलाय, तितनं उजवीकडं. संपलं."

सलीम असल्या बाबतीत फार चिकित्सक. "आजोबा, घोडा सुटून गेला तर?"

"आबाचा घोडा हाय त्यो. आबा सांगंपतूर हलायचा न्हाय."

निघालो. आणि खरंच चिंच! झाड असं, की खाली कोल्हापुरातली अख्खी गंगावेस, तिथल्या दूधकट्ट्यासकट, मावली असती आणि वर म्हशींना बसायला जागा उरली असती. सलीमनं चालत्या गाडीवरनं उडी मारून गाभुळलेल्या चिंचा खिशात कोंबल्या. डावीकडं वळलो, पुढं मोट. मोट मी तोवर फक्त शाळेच्या पुस्तकात चित्रात बघितलेली! बैलजोडी उताराला पळतेय, चामड्याची भली मोठी मोट वर येऊन भसकन पाणी ओततेय, आणि हाकणारा गडी आम्हाला ओरडतोय, "प्या की, लाजताय काय!" ओंजळीनं पाणी प्यालो. शर्ट छातीपर्यंत भिजला, घडी गेली. पण पाणी... त्यानंतर मी कुठल्याच पाण्याला पाणी म्हटलेलं नाही. मग घोडा. पांढराशुभ्र. आमच्याकडं असं बघितलं की उशीर झाला म्हणून त्यालाही राग आलाय.

उजवीकडं वळलो तर समोर मांडव, चुलीवर रश्श्याची डेग, आणि दारात तात्या, हातातल्या घड्याळाकडं बघत. पंगत बसत होती, वाढायला सुरुवात नव्हती.

"आलासा?" तात्या जरा नाराजच झाल्यासारखे वाटले. "कुणीकडनं आलासा?"

मी छाती काढून सांगितलं. "चिंचेपासनं डावीकडं, मोटेवर पाणी प्यालो, घोड्यापासनं उजवीकडं!"

वाढप्याचा पळा हवेतच थांबला. पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. दाराआड बांगड्या वाजल्या. त्या शालनच्या होत्या हे मला मागाहून कळलं.

"कुठली चिंच?" तात्यांचा आवाज खाली आला. त्यांनी चुलीजवळ बोट दाखवलं. तिथं मटण तोडायचा एक जुना, बसका ओंडका होता. "चिंच ही बघा! मी शाळंत हुतो तवा वाऱ्यानं पडली. मोटंच्या हिरीवर आता मोटार हाय. आनि घोडा मरून... कोन सांगितलं तुमाला ह्ये?"

"भावा," सलीम माझ्या कानात म्हणाला, "मी काय खिशात घातलंय मग?"

त्यानं मूठ उघडली. तात्यांची थोरली बहीण, सगळे तिला आक्कामावशी म्हणतात, डेगेजवळनं पदर खोचत आली. चिंच उचलली, टरफल फोडलं, तोंडात घातली. तिचा एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि बाई जे हसायला लागली ते डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत.

"तात्या, आपलीच हाय रं! दुसऱ्या कुठल्या चिंचंला ही चव? आन हिकडं, सगळ्या आना!"

अख्ख्या पंगतीनं पुरावा चाटून चाटून संपवला. चिंचोकासुद्धा ठेवला नाही. आक्कामावशी तात्यांवर ओरडली, "पोराला आबाची वाट घावली, आनि तू घड्याळ काय बघतूस? हो म्हन की!"

तात्यांनी माझ्या भिजल्या शर्टाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "बसा. जेवा आधी."

कोल्हापूरकडं ह्याचा अर्थ हो.

आणि सांगलीचा बँकवाला? तो वाट चुकला, तात्यांच्या चुलतभावाच्या घरात जाऊन जेवला, तिथलीच मुलगी बघून हो म्हणून गेला. आज माझा साडू आहे. सुखात आहे. चुकलो म्हणून अजून कबूल करत नाही.

जेवण झाल्यावर तात्या आमच्याबरोबर त्याच वाटेनं आले. घोड्याच्या जागी दूध संस्था. मोटेच्या जागी मोटारीची खोली, पत्र्याचं दार. आणि तिकटीच्या अलीकडं, चिंचेच्या जागी नुसतं आभाळ. सलीमनं दोन्ही खिसे उलटे करून बघितले. मांडवात परतून म्हाताऱ्याची चौकशी केली तर आक्कामावशी म्हणाली, "लाल पटका? अरं, जत्रंदिवशी सगळं गावच लाल पटका बांधतंय. कुनाचं म्हनून सांगू?"

शालनचं म्हणणं वेगळं. "तुमाला वाटंत कुनीतरी जुनं सांगितलं आनि तुमी तिखटमीठ लावलं." मग चिंचा? त्यावर ती विषय बदलते, पोळी करपली म्हणते.

मीही सोडून दिलं असतं. पण गेल्या माघातली गोष्ट ऐका.

जत्रेला सासुरवाडीला गेलतो. माझ्या डोक्याला तात्यांनी लाल पटका बांधलेला. जरा सावली बघावी म्हणून तिकटीवर गेलो, सावली नव्हतीच, दगडावर बसलो. एवढ्यात मोटरसायकलवर दोन पोरं आली. इस्त्रीचे शर्ट, तोंडाला घाम. मला हसूच फुटलं.

"मामा, तात्या ड्रायव्हरांच्या धाकट्या भावाचं घर कुठं? मोबाईलला रेंज न्हाय."

त्या भावाचं घर तात्यांच्या घराला लागूनच, मांडव एकच; त्याच्या नातीला, म्हणजे शालनच्या भाचीला, बघायला आलेला मुलगा होता. आता मी काय सांगायला पाहिजे होतं? दूध संस्थेपासनं उजवीकडं. साधं. पण तोंड उघडलं आणि आतनं निघालं ते —

"चिंचेपासनं डावीकडं वळा. मोट चालू दिसंल, पानी पिऊन जावा. मग पांढरा घोडा..."

पोरं गेलीसुद्धा. मला दरदरून घाम फुटला. भाचीचं लग्न मी मोडलं! शालन मला त्याच ओंडक्यावर घेणार! पळत पळत, पटका सावरत मांडवात पोचलो.

दोघं पंगतीत बसली होती. तांबडा रस्सा ओरपत. दोघांचे शर्ट छातीपर्यंत ओलेचिंब.

मला बघून मुलगा हसला. "मामा, पत्ता एक नंबर सांगितलासा. आनि पानी... काय गोड हो तुमच्यातलं!"

मी शालनकडं बघितलं. ती हातात भाकरीची चवड घेऊन उभी होती. पहिल्यांदाच तिनं विषय बदलला नाही. हळूच त्या पोराजवळ गेली आणि विचारलं,

"भाऊ... खिशात चिंचा हायत काय?"