काळवीट आणि माळ, एकाच काचेतून

मिरजगावचे नृसिंह धर्माधिकारी गुरुजी लग्नं लावतात, वास्तुशांती करतात, नव्या ट्रॅक्टरची पूजाही सांगतात. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी डीएसएलआर कॅमेरा घेतला. आयुष्यातला पहिलाच.

कारण रेहेकुरीचं काळवीट. कर्जतकडच्या मुहूर्तांना गुरुजी मोटारसायकलवरून भल्या सकाळी निघतात आणि वाट वाकडी करून अभयारण्याच्या कडेने जातात. थंडीच्या सुरुवातीला तिथे गवत पिवळं पडलेलं असतं आणि त्यावर धुकं पसरलेलं असतं. काळविटांचे पाय धुक्यात बुडालेले असतात. काळं अंग आणि पिळाची शिंगं तेवढी वर दिसतात, जमिनीशी काही संबंध नसल्यासारखी. एखादा नर मान वळवतो आणि मग सगळा कळप आवाज न करता सरकतो. उभं कोण आहे आणि चालतंय कोण, हे पटकन सांगता येत नाही. गुरुजी गाडी बंद करून पाहत राहतात आणि मुहूर्त आठवला की निघतात.

मोबाईलवर काढलेल्या फोटोत माळ यायचा, काळवीट यायचं नाही. गुरुजींना दोन्ही हवं होतं, काळविटाचा डोळा आणि तो सगळा माळ.

कॅमेरा त्यांनी गावातल्या हर्षलकडून घेतला. हर्षल लग्नांचे फोटो काढतो आणि बसस्थानकाजवळ त्याचा स्टुडिओ आहे. मांडवात दोघांची रोजची गाठ.

“गुरुजी, समदी दुनिया बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्याकडं चाललीय. तुमी उलटे,” तो म्हणाला.

“त्यात पडद्यावर चित्र दिसतं. यात आरशावरून खरा उजेड डोळ्यात येतो. मला जनावर बघायचंय, टीव्ही नाही.”

“बरं. मग लेन्सा दोन घ्या. एक रुंद, एक लांबची.”

“एकीत भागत नाही?”

“भागतं की. अठरा ते तीनशेची येती. अठरावर समदा माळ, तीनशेवर डोळ्यातलं पानी. पन ती म्हंजी लग्नाची पंगत. ताटात समदं येतं, घरच्या वरणाची चव न्हाई येत.”

“आणि दोन असल्या तर बदलायच्या कधी? धूळ आत जाणार. तोवर काळवीट थांबेल?”

“त्यो कशाला थांबंल? त्याला काय मुहूर्त हाय?” हर्षल हसला. “असं करा, ती अठरा-तीनशेचीच नगरच्या व्यापाऱ्याकडून आणून देतो. दोन दिस वापरा. न्हाई पटली तर परत.”

दिवाळी झाली होती. तुळशीचं लग्न लागलं की गुरुजींना लगीनसराईभर एकही सकाळ मोकळी मिळत नाही. काळविटाचा फोटो व्हायचा तर याच आठवड्यात.

लेन्स आली त्या संध्याकाळी गुरुजी ओट्यावर बसून ती फिरवत राहिले. अंगठ्याखालची कडी वळली की लेन्सची नळी पुढे सरके आणि गावाबाहेरची पाण्याची टाकी अंगणात येई. तिच्यावर बसलेल्या बगळ्याची मान, मानेवरचं वाऱ्याने हललेलं पीस. कडी उलटी वळली की बगळा, टाकी, कडुनिंब सगळं लांब जाऊन आपापल्या जागी उभं राही. गुरुजी बराच वेळ बगळ्याला जवळ बोलवत आणि परत पाठवत होते. लेन्स पटली होती. उद्या पहाटे माळावर एकदा बघून पक्कं करायचं, एवढंच उरलं होतं.

मग त्यांनी नव्या वस्तूची पूजा केली. हात सवयीनेच पंचपाळ्याकडे गेला. काचेला कुंकू लागू नये एवढं भान त्यांना होतं. म्हणून त्यांनी लेन्स पूर्ण लांब केली आणि पुढे आलेल्या नळीवर हळद-कुंकवाची दोन ठसठशीत बोटं ओढली. नमस्कार केला. कडी वळवून नळी आत घेतली.

त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई दारात उभ्या होत्या. “अहो, कुंकू कुठे गेलं?”

गुरुजींनी लेन्स उलटसुलट करून पाहिली. कुंकू आत गेलं होतं.

“आता परत कशी देणार? पूजलेली वस्तू परत करू नये, हे तुम्हीच साऱ्या तालुक्याला सांगता.”

“परत द्यायची नव्हतीच,” गुरुजी म्हणाले. “पण चालेल का?”

स्टुडिओत हर्षलने लेन्स उजेडाकडे धरली आणि कपाळाला हात लावला. “गुरुजी, जेसीबी पूजल्यागत पूजली व्हय! उघडायला पुण्याला धाडावी लागंल. महिना जाईल.”

“महिना नाही माझ्याकडे.”

“मग वापरा तशीच. पन फिरवू नका. ही फिरवली की हवा आत वढती, हवेसंगं कुकू आतल्या काचंवर. एका ठिकानी लावा, तिथंच ऱ्हाऊ द्या. डोळा पायजे का माळ, एक काय ते ठरवा.”

एकच काच सगळं दाखवील म्हणून आणली होती. गुरुजींनी डोळा ठरवला.

पहाटे ते तीनशेवर लावलेली लेन्स घेऊन अभयारण्यात उभे राहिले. धुकं होतं. कॅमेऱ्यात नुसतं पांढरं दिसत होतं. मग त्या पांढऱ्यात एक काळी कड उमटली, तिच्यावर शिंगं आली आणि नर सरळ त्यांच्या दिशेने चालू लागला. डोळ्याभोवतीचं पांढरं वर्तुळ दिसलं, पापणी हलली. गुरुजींनी बटण दाबलं. तो येतच राहिला. त्याच्या मागे धुकं सुटत होतं आणि एकेक मादी, मग कळप, मग पिवळा माळ पार टेकडीपर्यंत उघडत चालला होता. चौकटीत यातलं काहीच मावत नव्हतं.

गुरुजींनी कडी फिरवली. टोकापर्यंत.

दुपारी हर्षलने दोन्ही फोटो संगणकावर लावले. डोळ्याचा हलला होता. उजेड कमी आणि हात तीनशेला नवखा. माळाच्या फोटोवर आतल्या काचेवर बसलेल्या कुंकवाची, दुधाच्या सायीसारखी धूसर झाक होती, पण कळप शेवटच्या पाडसासकट दिसत होता.

“ह्यो छापू,” हर्षल माळाकडे बोट दाखवून म्हणाला. “त्यो हललेला काढून टाकतो.”

“दोन्ही छाप,” गुरुजी म्हणाले. “एकाच मापाचे.”