म्हाताऱ्या गुलामाला मी दिलेला आवाज

चूक माझी होती. पुस्तकाची नव्हती, अनुवाद करणाऱ्याची नव्हती, ऐकून वाहवा करणाऱ्यांचीही नव्हती. गुलामगिरीविरुद्ध लिहिलेल्या एका जुन्या कादंबरीचं बोलतं पुस्तक करताना त्यातल्या म्हाताऱ्या गुलामाला मी एका जिवंत माणसाचा आवाज दिला. त्या माणसाला विचारलं नाही. तो माझ्या गाडीत बसला होता, माझ्या घरी जेवला होता.

मी नंदुरबारच्या एका शाळेत मराठी शिकवतो. आवाज चांगला आहे एवढं एकच कौतुक मला आयुष्यभर पुरलं आहे. झेंडावंदनाचं सूत्रसंचालन, निरोप समारंभ, शोकसभा, सगळीकडे मीच उभा. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या काही मंडळींनी विचारलं, तेव्हा लगेच हो म्हणालो. पुस्तक मीच सुचवलं. एकोणिसाव्या शतकातल्या एका कादंबरीकाराचं, दूरदेशीच्या मळ्यांवर माणसं विकली जात त्या काळाचं. कॉलेजात असताना ते वाचून मी रडलो होतो. त्या रडण्याच्या जोरावर मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला चांगला माणूस समजत आलो.

दिवाळीच्या सुट्टीत धान्याच्या खोलीत चारही बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि काम सुरू केलं. त्या दिवसांत गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मोकळ्या मैदानांत, लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा फिरला की घराघरांत ठसका. मी एक परिच्छेद वाचायचो, खोकायचो, मशीन मागे नेऊन पुन्हा वाचायचो. बायको दाराबाहेरून ओरडायची, "त्या गुलामस्ले सोडा आते, जेवाले या!"

अनुवाद जुना होता. त्यात मालक, मालकीण, गुलाम, दलाल सगळे एकच साधी मराठी बोलत. मला ते सपाट वाटलं. मालकाला मी पुण्याकडची घासलेली मराठी दिली. निवेदन माझ्या वर्गातल्या आवाजात ठेवलं. म्हाताऱ्या गुलामापाशी आलो आणि अडलो. त्याला काय द्यावं ते सुचेना, आणि मग गाडीतला म्हातारा आठवला.

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मॅडम धडगावच्या पुढच्या डोंगरातल्या, पावरा समाजातल्या. त्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन चिंचपाड्याच्या दवाखान्यात ठरलं. त्यांना बसचे हिसके सोसणार नाहीत म्हणून मी गाडी काढली. म्हातारा पुढे माझ्याशेजारी बसला. बोलायच्या आधी घसा साफ करायचा, मग थोडं थांबायचं, वाक्य संपलं की एक बारीक हसू. घरी पावरी बोलणारा माणूस बाजारात, कचेरीत जी मराठी उचलतो, ती त्याची मराठी होती. त्याचे उच्चार मी इथे लिहीत नाही. लिहिले तर पुन्हा तेच होईल. अर्थ तेवढा लिहितो. सगळ्यांना तो 'तू' म्हणायचा, कलेक्टर भेटला असता तरी 'तू'च म्हणाला असता.

"मास्तर, माझ्या पोरीला तू शिकवलंस का?"

"नाही बाबा."

"बरं झालं. नाहीतर तीपण तुझ्यासारखी मराठीच शिकवत बसली असती. हिशोब कोणी केला असता?"

मागच्या सीटवर मॅडम खूप हसल्या. मीही हसलो. परत येताना, टाके काढल्यावर, तो माझ्याकडे जेवला आणि बायकोला म्हणाला की तुझा मास्तर गाडी बैलासारखी चालवतो, पण बैल चांगला आहे.

तो घसा साफ करणं, ते थांबणं, ते हसू, ते उच्चार, सगळं मी उचललं आणि लिलावाच्या प्रसंगात वापरलं. म्हातारा गुलाम फळीवर उभा आहे, त्याचे दात बघतात, आणि तो घसा साफ करून बोलतो. स्वतःचं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, याला म्हणतात जीव ओतणं.

पुस्तक पूर्ण झालं, फोनवरून फिरू लागलं. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत खेळाच्या सरांनी तो प्रसंग मोठ्यानं लावला. "सर, एक नंबर! डोंगरातला म्हातारा डोळ्यांसमोर उभा केला तुम्ही. ऐका, ऐका," आणि त्यांनी पुढचं वाक्य त्याच आवाजात म्हणून दाखवलं. दोन-चार जण हसले. कोपऱ्यात मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वह्यांचा गठ्ठा उचलला आणि तास नसताना वर्गाकडे निघून गेल्या.

मी मागे गेलो. रिकाम्या वर्गात त्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"मॅडम, मी तो आवाज चेष्टेनं नाही काढला. उलट त्या माणसाबद्दल सहानुभूती..."

"सर, माझा बाप गुलाम नव्हता."

त्यांनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"गुलामाच्या तोंडी आमचं बोलणं घातलंत. मालकाच्या तोंडी पुण्याचं. मग तुमच्या घरचं कुठे आहे त्यात? वहिनी फोनवर बोलतात ते?"

माझ्या घरी अहिराणी बोलतात. हायस्कूलला शहरात आलो तेव्हा 'मन्हा', 'तुन्हा' तोंडातून निसटलं की पोरं आठवडाभर पिडायची. मी ते जिभेवरून खरवडून काढलं. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, हे जे काही माझ्याबद्दल म्हणतात ते त्या खरवडण्यातून आलेलं आहे. म्हाताऱ्या गुलामाला आवाज शोधताना माझ्या बापाचा आवाज मला एकदाही आठवला नव्हता. तो मी वाचवून ठेवला होता. हे मी मॅडमना सांगितलं नाही. तेव्हा नाही.

"आणि बाबा विचारतायत," त्या म्हणाल्या. "दर फोनला. मास्तरानं पुस्तक वाचलंय म्हणे, मला ऐकव. काय सांगू त्यांना?"

"मी ते काढून टाकतो. पुन्हा वाचतो सगळं."

"आधी पुस्तकाकडे जाणार का आधी माणसाकडे?"

मी आधी पुस्तकाकडे गेलो. दुसरी चूक ही. स्वतःला सांगितलं की हात रिकामे घेऊन कसं जायचं, सुधारलेलं घेऊन जाऊ. खरं कारण भीती होती. होळी गेली. मॅडम माझ्याशी वेळापत्रकापुरतं बोलत. मंडळींना सांगून ते ध्वनिमुद्रण काढायला लावलं, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेलं कोण काढणार?

मे महिन्यात पुन्हा त्या खोलीत बसलो. गोधड्या त्याच, आणि पंख्याचा आवाज मशीनमध्ये येतो म्हणून पंखा बंद. पानं घामानं बोटांना चिकटत. या वेळी कुणाला कुणाचाच आवाज दिला नाही. मालक, गुलाम, दलाल, सगळे माझ्या एकाच थकलेल्या आवाजात. अनुवाद करणाऱ्यानं सगळ्यांना एकच भाषा का दिली असेल, ते तेव्हा थोडंफार कळलं. लिलावाचा प्रसंग आला की मशीन पुन्हा पुन्हा मागे न्यावं लागायचं. पहिल्यांदा वाचताना त्या फळीवरच्या माणसाबद्दल मला दुःख झालं होतं. आता नुसता शीण होता. त्या माणसाला दुसऱ्यांदा विकायला बसलो आहे असं वाटायचं.

बायको दार ढकलून म्हणाली, "पंखा तरी लावा. शिजी जाशात मझार."

"आवाज येस ना त्याना."

"मंग त्या बाबाकडे जा ना एकदाव. आठे बसीसन काय व्हई?"

तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी मॅडमना फोन केला. "शनिवारी मी तिकडेच आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

धडगावच्या पुढे रस्ता संपतो तिथे गाडी ठेवली आणि चढण चालून गेलो. कुडाचं घर, बाहेर खाट. म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि हात वर केला. पोट बरं होतं. पाणी झालं, चहा झाला. मॅडम दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी पिशवीतून नवं ध्वनिमुद्रण असलेला पेनड्राइव्ह काढला, आणि तेवढ्यात तो बोलला.

"मी ऐकलं ते, मास्तर."

मॅडमनी मान हलवली. त्यांनी ऐकवलं नव्हतं. पुतण्यानं सुरतेहून येताना फोनमध्ये आणलं होतं, आणि होळीच्या आधीच्या बाजारात चार पाड्यांची माणसं भोवती गोळा करून लावलं होतं.

"सगळे म्हणाले, हा तर तू," म्हातारा म्हणाला. "मी पण म्हणालो, हा मीच. पण मग त्याला विकायला लागले." त्यानं घसा साफ केला, थांबला. या वेळी हसला नाही. "मला कोणी विकलं, मास्तर?"

मी रात्रभर जुळवलेलं बोलू लागलो. "माझ्याकडून अनवधानानं झालेल्या या कृतीमुळे आपल्या भावना दुखावल्या असतील तर..." तो अधिकाऱ्याचं भाषण ऐकावं तसा मान खाली घालून ऐकत होता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "हे सूत्रसंचालन झालं."

मी थांबलो. पेनड्राइव्ह पिशवीत परत ठेवला. मग जे तोंडात आलं ते घरचं आलं. बाजारात आयुष्यभर डिंक-मोहफुलं विकताना त्यानं हीच बोली ऐकली होती, त्याला ती कळत होती.

"बाबा, मन्हं चुकनं. तुमना आवाज मी तुमले न इचारता लिधा, आनि ज्याले बाजारमा इकतस त्याना तोंडमा टाका. मन्हा बापना आवाज मी नही लिधा, माले लाज वाटती. तुमले दुसरं कोन्ही इकं नही. मी इकं. माले माफ करा."