साहेबांची पाटी

कचेरीतली रेकॉर्डची खोली एकच आणि तिच्यात हात घालणारे सगळेच. कोण कोणती फाइल नेतो, कधी परत आणतो, कशाचा कशाला मेळ नव्हता. खोलीचा चार्ज माझ्याकडे आला आणि माझी झोप उडाली. शेवटी मी सुताराकडून लाकडी पाट्या करून घेतल्या, एकेकीवर एकेका कारकुनाचं नाव रंगवलं. फाइल काढली की त्या जागी आपली पाटी खोचायची. फाइल परत आली की पाटी खिळ्याला. "शाळा भरवलीय काय?" म्हणत लोक कुरकुरले, पण पाळू लागले.

आणि पालमकडच्या एका गावाच्या गायरानाची फाइल गायब झाली. जागा मोकळी, पाटी नाही.

ते गायरान बौद्ध कुटुंबं कसत होती, आणि त्यांच्यातलाच एक जण आमच्याकडे कारकून होता. नामांतराचे दिवस, टपरीवर कोण कुणाशेजारी चहा पितो हेसुद्धा लोक बघायचे. चौकशीआधीच कचेरीनं चोर ठरवून टाकला. साहेबांनी त्याला नोटीस दिली: संध्याकाळपर्यंत फाइल हजर करा, नाहीतर निलंबन.

तो माझ्याकडे आला. "आमच्याच लोकायची जमीन हाय त्या कागदावर. मी कशाला गायब करू? तुमीच सांगा."

मला पटत होतं आणि डोकं सणकत होतं. सगळी खोली उपसली, एकेकाला खोदून विचारलं. एका जागी बसवत नव्हतं. दुपार कलताना बंगल्यावरचा शिपाई फाइल घेऊन आला. "साहेबांच्या पलंगाखाली घावली. बाईसाहेबांनी धाडली."

सुट्टीच्या दिवशी साहेब स्वतःच ती घेऊन गेले होते. पाट्या सगळ्यांच्या होत्या, साहेबांची नव्हती. साहेबांची पाटी करावी असं कचेरीत कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

नोटीस मागं घेतली. चुकलं, असं मात्र कुणी म्हणालं नाही. मी रागानं 'साहेब' अशी पाटी रंगवून पहिल्या खिळ्याला लावली. साहेबांनी ती बघितली आणि पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. फाइल हवी असली की घंटी वाजवून त्याच कारकुनाला पाठवायचे. फाइल बंगल्यावर जायची, मोकळ्या जागेत पाटी त्याची.

एकदा ती खोचताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तवा पाटी न्हवती म्हणून मी चोर. आता फाइल हरवली, तर पाटी हाय म्हणून."