न पेटवलेली सिगारेट

बुकबाइंडिंगच्या कारखान्यात त्याला सगळे ‘कोरेबुवा’ म्हणत. तो सिगारेट ओढत नसे, नुसती हातात धरून उभा राहत असे.

त्याचं असं होतं. कागदाच्या ढिगाऱ्यात कुणी चोरून काडी ओढू नये म्हणून मालकाने ओढणाऱ्यांना दुपारी दहा मिनिटं मागच्या अंगणात सोडायची पद्धत पाडली होती. न ओढणाऱ्याला बाहेर कशाला जायचंय? त्याने खाली मान घालून पुस्तकं शिवत बसावं. कोरेबुवाने शक्कल लढवली. बोटांत सिगारेट धरायची आणि ऐटीत बाहेर पडायचं. एकच सिगारेट महिनाभर पुरायची. तो जुना, हाताचा पक्का कारागीर. सोबती हसत, पण जपून.

धाकटा भाऊ सतराव्या वर्षी तिथेच कामाला लागला. आठवड्यातच म्हणाला, “दादा, पाठीचे तुकडे पडले रे.” दादाने खिशातली सिगारेट त्याला दिली. “पेटवू नकोस. नुसती धर आणि माझ्यामागून ये.”

दादाचं जे खपून गेलं ते धाकट्याचं खपलं नाही. खळ लावणारा म्हणाला, “हे काय, थर्मामीटर आणलाय होय? ताप किती आहे बाळाला?” कटिंगवाला म्हणाला, “थोरला कोरा, धाकटा कोरा. अख्खं घराणंच कोरं!”

हशा पिकला. धाकट्याचे कान लाल झाले. दादाने त्याला हाताला धरून आत न्यायला हवं होतं. पण चारचौघांत घराणं निघालं तसा त्यालाही ताव चढला. त्याने कटिंगवाल्याची काडेपेटी हिसकावली, काडी ओढली आणि भावापुढे धरली. “दाखव रे यांना. मार एक झुरका.”

एकीच्या दोन झाल्या, दोनाचं पाकीट झालं. दादाने पुढे शपथा घातल्या, अबोला धरला. धाकटा हसायचा. “सोडतो रे, सोमवारपासून.” असे चाळीस वर्षांचे सोमवार गेले.

आता धाकटा खाटेवर उशांना टेकून बसलेला असतो. नाकात नळी, शेजारी घरघरणारं यंत्र. डॉक्टरांनी हात टेकलेत. दादा रोज येतो, पेपर वाचून दाखवतो, आणि सांगायचं ते घशातच ठेवून परत जातो. भाऊ जायच्या आत त्याच्या तोंडून एक सणसणीत शिवी खायची, एवढंच त्याला हवं होतं.

एका सकाळी भावजय चहा टाकायला आत गेली, आणि त्याने बोलून टाकलं. “ती काडी मी धरली होती. तुझं हे माझ्यामुळे झालं. दे मला शिव्या.”

धाकट्याने श्वास गोळा केला. “कसली काडी? तुझी सिगारेट तर... खिशातच मोडली. पहिली मी... सिनेमाच्या रांगेत... दोस्तांबरोबर.”

“खोटं बोलतोस.”

“तू... तिथे... नव्हतासच...”

खोकल्याची उबळ आली. भावजय धावत येऊन पाठ चोळू लागली. ओठ निळे पडले होते. उबळ जरा ओसरली, तर धाकट्याने पुन्हा तोंड उघडलं. त्याला ते पटवूनच द्यायचं होतं. एकेका शब्दाला त्याला एकेक श्वास पडत होता.

“बरं बाबा,” दादा घाईघाईने म्हणाला. “सिनेमाच्या रांगेतच. माझ्याच डोक्यात घोळ झाला. तू बोलू नकोस आता.”